पाड्यावरचं लसीकरण सत्र: पेटी भरण्यापासून पेटी परत येईपर्यंत

सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, ‘गाव’ हा तलाठ्याचा शब्द आहे. माणसं राहतात पाड्यावर. एका गावाचे आठ-दहा पाडे. एक टेकडीच्या सोंडेवर, दुसरा नाल्यापलीकडे. पाड्यातही घराला घर लागून नाही, ज्याचं घर त्याच्या शेतात. त्यामुळे लसीकरणाच्या आराखड्यात ‘एक गाव, एक सत्र’ असं लिहिलं की कागद पूर्ण होतो आणि निम्मी मुलं सुटतात. इथे हिशोब पाड्याचाच ठेवावा लागतो.

या भागात लसच कमी पडत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. सहसा पडत नाही. जिल्ह्याच्या साठ्यातून ती महिन्याला येते, महिन्याची गरज आणि वर २५ टक्के राखीव अशी. अडतं ते शेवटच्या आठ-दहा तासांत, लस बर्फाच्या पॅकांत ठेवून न्यायची पेटी भरल्यापासून ती परत येईपर्यंत. अहवालात ‘डोस दिला’ एवढाच रकाना असतो. टोचताना त्या डोसात ताकद शिल्लक होती का, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. ते ठरतं बर्फ किती वितळला होता यावर, कुपी किती वाजता फोडली यावर. त्या तासांत आम्ही आरोग्य केंद्रातली माणसं काय करतो आणि काय चुकतं, ते इथे लिहितो.

काम सुरू होतं ड्यू लिस्टपासून, म्हणजे डोस द्यायची वेळ आलेल्या मुलांच्या यादीपासून. सत्राच्या तीन-चार दिवस आधी आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) आपल्या वहीतून नावं काढते: कोण सहा आठवड्यांचं झालं, कोणाचे नऊ महिने भरले, कोणाचा बूस्टर राहिला. मुलाच्या नावाने शोधायला गेलं की घोळ होतो. बाळाचं नाव बहुतेकदा ठेवलेलंच नसतं, आणि एकाच पाड्यात एकाच नावाचे दोन बाप सापडतात. म्हणून आईचं नाव, बापाचं नाव आणि पाडा, हे तिन्ही लिहायचं. घरी झालेल्या बाळंतपणाची तारीख विचारली की उत्तर येतं, ‘भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात’. भोंगऱ्या होळीच्या आधी भरतो, त्यामुळे तारीख आठवड्याच्या अंतराने नक्की काढता येते. ती तिथेच, आईसमोर, कार्डावर लिहून टाकावी. नंतर ऑफिसात बसून अंदाजाने लिहिलेली ‘१ जानेवारी’ पुढे दोन वर्षं छळते.

वारही जपून धरावा लागतो. बाजाराच्या दिवशी सत्र ठेवलं तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच भेटतं. पेरणीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत उरकायचं, नाहीतर दुपारी चारनंतर. मार्च-एप्रिलात उलटं. मोह पहाटे गळतो, सगळं घर अंधारातच वेचायला गेलेलं असतं आणि दहा-अकराला परत येतं. तेव्हा सकाळी सातचं सत्र म्हणजे सात ते दहा नुसतं बसून राहणं. छापील वेळापत्रकात मात्र बारा महिने एकच वेळ असते.

आता आयएलआर. लस साठवायचा, बर्फाचं अस्तर असलेला, वरून उघडणारा फ्रीज, तापमान २ ते ८ अंश. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती तळाशी बसून राहते, म्हणून हा वरून उघडतो. तळ सगळ्यांत थंड. त्यामुळे पोलिओचे थेंब, बीसीजी (क्षयाची लस), एमआर (गोवर-रुबेला) खाली. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस-बी आणि आयपीव्ही (पोलिओची सुई) वरच्या टोपलीत. द्रावकही (भुकटीची लस कालवायचा द्रव) वरच. हिपॅटायटिस-बी टोपलीखाली घसरून तळाला गेली तर ती गोठू शकते, आणि हे घसरणं डबे घाईत रचताना हमखास होतं. भिंतीपासून चार बोटं अंतर, खाली लाकडी ठोकळे, स्टॅबिलायझरशिवाय जोडणी नाही, आत पाण्याची बाटली नाही, आणि बर्फाचा थर ५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला की डीफ्रॉस्ट. तापमान दिवसातून दोनदा वाचायचं, सुट्टीच्या दिवशीही. रविवारची नोंद सोमवारी बसून भरली असेल तर ती लगेच ओळखू येते: दोन्ही वेळेला ४ अंश.

वीज हा इथला रोजचा विषय आहे, पण तिचा फटका लोकांना वाटतो तिथे बसत नाही. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी चांगला आयएलआर तापमान धरून ठेवतो, फक्त झाकण उघडायचं नाही. डीप फ्रीझरला ते जमत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डीप फ्रीझर असतो तो आइसपॅक गोठवायला. पॅक नीट घट्ट व्हायला सलग चोवीस तास लागतात; वीज येत-जात असली तर दोन दिवस. म्हणजे वीज गेली की लस खराब व्हायच्या आधी बर्फ संपतो, आणि लस ठणठणीत असूनही सत्र रद्द होतं. यावर एकच उपाय लागू पडला आहे. सत्र गुरुवारी असेल तर पॅक सोमवारी रात्रीच फ्रीझरमध्ये उभे लावायचे, आणि जास्तीचा एक संच कायम गोठवून ठेवायचा. काही केंद्रांवर सौर आयएलआर आले आहेत. बॅटरी नसलेले असतात, पॅनलची वीज थेट बर्फात साठवतात. त्यांना एकच गोष्ट लागते, पुसलेलं पॅनल. चुलीचा धूर, रस्त्याची धूळ आणि पक्ष्यांची शिट असा थर बसला की महागडं यंत्र भर उन्हात अर्धपोटी चालतं. पॅनल पुसायला शिडी लागते, आणि शिडी कुठल्याही मंजूर यादीत नसते.

पॅक भरताना साधं पाणी, खुणेपर्यंत. काठोकाठ भरला तर बर्फ फुगून प्लास्टिक तडकतं आणि पेटीत पाणी साचतं. पाण्यात कुपीचं लेबल सुटलं की ती कुपी बाद, कारण ती कसली आणि कुठल्या बॅचची हे सांगता येत नाही. पाण्यात मीठ टाकू नये. बर्फ ‘जास्त गार’ होतो म्हणून कोणीतरी कधीतरी टाकतंच, आणि नेमकं तेच नको असतं.

सगळ्यात जास्त नुकसान इथूनच सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर. लस उष्णतेने बिघडते, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. गोठून बिघडते, हे बसलेलं नाही. फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवर असतो. तो तसाच पेटीत घातला तर त्याला टेकलेली पेंटाची कुपी गोठते. पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस-बी, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते गोठल्यावर गुठळतात आणि लस निकामी होते. हिपॅटायटिस-बीला तर शून्याच्या अर्धा अंश खालचं तापमानसुद्धा पुरतं. तासाभराने पॅक नरमतो, कुपी वितळते, वरून पहिल्यासारखीच दिसते. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला तो चौकोन, तोही काही सांगत नाही. चौकोन काळवंडतो तो उष्णतेने, थंडीने नाही. सिस्टर चौकोन पांढरा पाहते, डोस देते, कार्ड भरते, आणि मूल संरक्षणाशिवाय घरी जातं.

म्हणून पॅक आधी बाहेर काढून टेबलावर ठेवायचे. वर घाम सुटतो. पॅक कानाशी धरून हलवला की आत पाण्याचा खुळखुळ आवाज आला पाहिजे. तो आला की कोरड्या फडक्याने पुसून पेटीत. मे महिन्यात हे अर्ध्या तासात होतं. डिसेंबर-जानेवारीत, सातपुड्याच्या थंडीत, तास-सव्वा तास जातो, म्हणजे जीप सातला निघायची तर पॅक पावणेसहाला बाहेर हवेत. आणि थंडीतच माणूस उशिरा उठतो. जीपवाला खाली हॉर्न वाजवतो, पॅक दगडासारखे, ‘असू दे, तिथे जाईपर्यंत होतील’ असं म्हणून पेटी बंद होते. वर्षभरातल्या वाया जाणाऱ्या लसीचं एक मोठं कारण हे एक वाक्य आहे, असं आमचं मत आहे. रात्रपाळीच्या शिपायाला ‘पावणेसहा, चार पॅक’ एवढंच पाटीवर लिहून दिलं तरी काम होतं. त्याला शीतसाखळीचं, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याचं, प्रशिक्षण द्यायची गरज नाही.

गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करता येते. त्याच लसीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवायची, वितळू द्यायची, आणि संशयित कुपीबरोबर हातात धरून जोरात हलवायची. मग दोन्ही टेबलावर उभ्या ठेवून पाव ते अर्धा तास पाहत बसायचं. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर खाली बसतो. संशयित कुपीतला तितक्याच वेगाने बसला तर ती बाद. सावकाश बसला तर चालेल. एक कुपी यात मुद्दाम घालवावी लागते, म्हणून लोक चाचणी टाळतात. पण पाड्यावर बसून ही चाचणी होत नाही. शंका आली तर त्या कुप्या न वापरता परत आणायच्या.

पेटी भरताना किती न्यायचं, याचं गणित एका नमुन्याने सांगतो. यादीत बीसीजीची २ मुलं, पेंटाची ९, एमआरची ७ आणि त्यांतली ३ बूस्टरच्या वयाची, असं धरू. पेंटाची कुपी दहा डोसांची, पोलिओची वीस डोसांची. पेंटा ९ आहेत, थोडी नासधूस धरून दहा होतात. कागदावर एक कुपी पुरते, नेतो दोन. पोलिओ ९ आणि बूस्टरचे ३ मिळून १२, एक कुपी पुरते. डीपीटी बूस्टर ३, एक कुपी. एमआर पाच डोसांच्या कुपीत आली तर सातांना दोन. बीसीजीची एक. हे झालं एका पाड्याचं. त्याच दिवशी दोन पाडे असतील तर हिशोब बदलतो. बीसीजी आणि एमआर द्रावक घालून कालवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायच्या असतात. पहिल्या पाड्यावर नऊला फोडलेली एमआर दीड तास चालून दुसऱ्या पाड्यावर वापरायची नाही, घड्याळात चार तास झाले नसले तरी. त्यामुळे या दोन लसींच्या कुप्या पाड्यागणिक वेगळ्या मोजायच्या, आणि द्रावक तितकेच. इथे पेंटा, डीपीटी, टीडी, पोलिओ यांची सूट आहे: उघडलेली कुपी तारीख-वेळ लिहून, शीतसाखळीत ठेवून २८ दिवसांपर्यंत चालते, मात्र व्हीव्हीएम ठीक हवा, मुदत संपलेली नको आणि बूच पाण्यात बुडालेलं नको.

द्रावकाची चूक सर्वांत महाग पडते. बीसीजीचं द्रावक सलाइन, एमआरचं निर्जंतुक पाणी. अदलाबदल चालत नाही, एका कंपनीचं दुसरीच्या लसीलाही चालत नाही. सत्राच्या आदल्या दिवसापासून द्रावक आयएलआरमध्ये हवं, कारण कोमट द्रावक घातलं की जिवंत लसीतले जंतू तिथेच मरतात. हे पेटीत उतरवताना राहून जातं. कुप्या मोजल्या जातात, द्रावक ‘कपाटात आहे’ म्हणून सुटतं, आणि वर चढून गेल्यावर दोन अँप्युलच्या विसराळूपणासाठी सात मुलं परत जातात. आम्ही आता लस आणि तिचं द्रावक एकाच झिपच्या पिशवीत बांधतो. कुप्या बर्फाला थेट टेकू नयेत म्हणूनही पिशवी लागतेच.

लसीशिवायची पिशवी वेगळी: ०.१ मिलीच्या एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजा बीसीजी आणि आयपीव्हीला, ०.५ मिलीच्या बाकीच्यांना, कालवायला ५ मिलीच्या, हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र), लाल पिशवी, कापूस, जीवनसत्त्व-अ आणि त्याचा चमचा, पॅरासिटामॉल, कोरी कार्डं, वजनकाटा आणि अॅड्रेनलिनचं किट (लसीची जोरदार अॅलर्जी उठली तर लागणारं). किटमधल्या अॅड्रेनलिनची मुदत लवकर संपते, ती दर महिन्याला पाहावी. वयाप्रमाणे मात्रा किटच्या झाकणावर आतून चिकटवलेली असावी: एक वर्षापर्यंत ०.०५ मिली, एक ते सहा वर्षं ०.१ मिली. मूल निळं पडत असताना कोणाला पुस्तक आठवत नाही.

चार पॅकची भरलेली पेटी चार-पाच किलोंच्या घरात जाते. झाकण सारखं उघडलं नाही तर ती बारा तास तापमान धरते, असं आम्ही गृहीत धरतो आणि आठ तासांचंच काम आखतो. मोटरसायकलवर पेटी मागच्या माणसाच्या मांडीवर किंवा पट्ट्याने पाठीशी. सायलेन्सरच्या बाजूला लोंबकळत नाही. जीपमध्ये मागच्या फळीवर नाही, तिथे खालून धग लागते. रस्ता संपला की पायी. नर्मदेच्या काठच्या पाड्यांना बोट लागते. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पावसाळा संपताना पाणी वर चढलेलं असतं, बोट थेट पाड्याखाली लागते. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठावर गाळ उघडा पडतो, गुडघाभर. त्यामुळे उतरण्याची जागा दर महिन्याला बोटवाल्याला विचारून ठरवावी लागते, मागच्या महिन्याचा अंदाज धरायचा नाही. पेटी एकाने, सिरिंजांची पिशवी दुसऱ्याने, आणि दोन्ही एकदम एका माणसाच्या हातात द्यायच्या नाहीत.

सत्राची जागा सावलीत हवी. अंगणवाडी असली तर उत्तम, नाहीतर डाह्या किंवा कारभारी, म्हणजे पाड्यातली मानाची माणसं, यांच्या ओट्यावर. जागा कोणाची, यावर कोण येणार हे ठरतं. दोन घरांचं भांडण असलं तर एका घराच्या अंगणात दुसऱ्याची सून येत नाही. आशेला हे माहीत असतं, तिला विचारावं. पेटी उघडून एक पॅक बाहेर काढायचा, त्याच्या खळग्यात कालवलेली बीसीजी आणि एमआरची कुपी ठेवायची. पेंटा तिथे ठेवायची नाही. कुपी फोडायच्या आधी व्हीव्हीएम, मुदत, लेबल. फोडल्यावर लगेच वेळ लिहायची, पेनाने, कुपीवर. ‘नंतर लिहू’ म्हटलं की चार तास पाच होतात. या दोन लसींत जंतुनाशक नसतं. कालवून ठेवलेल्या कुपीत जंतू वाढले तर त्याने मूल दगावू शकतं, म्हणून ही मुदत नासधुशीच्या हिशोबापेक्षा वरची.

क्रम असा: आधी तोंडातून देण्याच्या लसी, मग सुया, आणि सगळ्यांत दुखणारी पेंटा शेवटी. रोटाची (जुलाबावरच्या लसीची) मात्रा कंपनीप्रमाणे बदलते, खोका वाचूनच द्यावी. पेंटा डाव्या मांडीत, पुढच्या-बाहेरच्या बाजूला. पीसीव्ही उजव्या मांडीत. बीसीजी डाव्या दंडात, कातडीच्या आत, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, पुढे ०.१ मिली. तिथे स्पिरिट लावायचं नाही, साध्या स्वच्छ पाण्याने पुसायचं. स्पिरिटने लसच मरते. टोचल्यावर संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा उठला पाहिजे. नाही उठला तर सुई खोल गेली. आयपीव्हीची ०.१ मिलीची मात्राही अशीच कातडीत जाते, सहा आणि चौदा आठवड्यांना उजव्या दंडात, नऊ महिन्यांना डाव्या. हात स्थिर नसलेल्या नव्या सिस्टरच्या इथेच चुका होतात, आणि ओट्यावर उकिडवं बसून टोचताना तर जास्तच. खुर्ची नसेल तर आईला पायरीवर बसवावं, सिस्टरने खालच्या पायरीवर.

एकच मूल आलं तर दहा डोसांची बीसीजी फोडायची का? फोडायची. धोरणच तसं आहे, एका मुलासाठीही कुपी उघडावी. बीसीजीला ५० टक्के आणि एमआरला २५ टक्के नासधूस धरलेली असते ती याचसाठी. पण ही सरासरी सपाटीवरच्या गावांना बसते. पाड्यावर एका मुलासाठी फोडलेल्या बीसीजीत ९० टक्के वाया जातात, आणि आढावा बैठकीत पडद्यावर तोच आकडा लाल दिसतो. दोनदा बोलणी खाल्ली की सिस्टर हळूच म्हणू लागते, ‘पुढच्या महिन्यात तीन जमू द्या.’ पुढच्या महिन्यात ते मूल गुजरातेत असतं. २०२२ च्या अखेरीला मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा राहिलेल्या डोसांच्या याद्या सगळीकडे घाईघाईने काढल्या गेल्या; त्या डोसांतले काही असेच जमण्याची वाट पाहत राहिलेले असणार. नासधुशीचा आकडा पाड्याच्या सत्रांसाठी वेगळा मांडावा, गावाच्या सरासरीत मिसळू नये, एवढी मागणी आम्ही दरवेळी करतो.

टोचल्यावर अर्धा तास मूल नजरेसमोर. आईला चार गोष्टी: आज काय दिलं, त्याने काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. पावरी किंवा भिलीत, आशेच्या तोंडून. त्रासाचं लपवून काही मिळत नाही. पेंटानंतर रात्री ताप येतो, मूल रडतं, आणि आई-बापाची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. नकाराचं खरं कारण बहुतेकदा हेच असतं. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द अहवालात लिहायला सोपा पडतो एवढंच. आधीच सांगितलं, पॅरासिटामॉल मोजून हातात दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आशा त्या घरी फिरकली, तर पुढचा डोस मिळतो. ती फिरकली नाही तर त्या घराबरोबर शेजारची दोन घरंही जातात.

दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हणून ऑक्टोबरचं सत्र वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं. दोन डोसांत किमान चार आठवडे अंतर लागतं, त्यामुळे सप्टेंबरात एक आणि निघायच्या आधी एक, असं निघायच्या दिवसापासून मागे मोजत तारखा लावाव्या लागतात. गेलेली मुलं तिकडे ममता दिवसाच्या (तिथल्या लसीकरण दिवसाच्या) सत्रात डोस घेतात तेही खूप, पण कार्ड गुजरातीत येतं. गुजराती अंकांतला पाच आपल्या ‘प’सारखा दिसतो, हाताने लिहिलेल्या तारखेत तो भलताच वाचला जातो आणि दिलेला डोस पुन्हा दिला जातो. शंका असेल तर कार्डाचा फोटो काढून विचारून घ्यावं. आणि खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी होळीनंतरच्या गर्दीत ‘पेंटा १’च्या रकान्यात दुसऱ्यांदा खूण झालेली कार्डं सापडतात.

पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावकडची, म्हणजे अक्राणी तालुक्याच्या ठिकाणाकडची, गाडी अडते. तेव्हा पेटी अर्ध्या रस्त्यात घेऊन थांबायचं नाही, परत फिरायचं. पॅक बदलून दुसऱ्या दिवशी निघता येतं, पण दरडीपाशी सहा तास थांबलेली पेटी पुढे नेऊन उपयोग नसतो. जून ते सप्टेंबर तुटणाऱ्या पाड्यांची यादी मे महिन्यातच वेगळी काढतो, आणि त्यांचं सत्र मेच्या शेवटी आणि पहिल्या उघडिपीला, तारीख न धरता. छापील आराखड्यात ‘उघडीप’ असा वार नाही, म्हणून तिथे नाइलाजाने कुठला तरी मंगळवार लिहिलेला असतो.

नेटवर्क नसतं, त्यामुळे पोर्टलवरची नोंद तिथे होत नाही. आधी कार्ड, मग आशेच्या वहीत, मग सिस्टरच्या रजिस्टरात, आणि खाली आल्यावर मोबाइलवर. चार ठिकाणी एकच नाव लिहिताना कुठेतरी पाडा गळतो. आम्ही कार्डाची स्थळप्रत सत्रातच भरून फाडून घेतो आणि तिच्यावरूनच बाकी सगळं उतरवतो. आठवणीवरून काही लिहायचं नाही.

परतल्यावर न उघडलेल्या कुप्या वेगळ्या डब्यात, खूण करून, म्हणजे पुढच्या सत्राला आधी त्याच जातील. उघडलेल्या पेंटा-डीपीटीच्या २८ दिवसांसाठी आयएलआरमध्ये. बीसीजी-एमआरच्या उघडलेल्या कुप्या लगेच फेकायच्या नाहीत. वेगळ्या खुणेने ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत राखायच्या, कारण कुठल्या मुलाला त्रास झाल्याचं कळलं तर तीच कुपी तपासावी लागते. सुया हब कटरच्या डब्यातून, सिरिंजा लाल पिशवीतून, दोन्ही केंद्रावर. पाड्यावर काही पुरायचं-जाळायचं नाही. पेटी पुसून झाकण उघडं ठेवून वाळवायची, नाहीतर आत बुरशी धरते. पॅकमधलं पाणी ओतून द्यायची गरज नाही, तेच पुन्हा फ्रीझरमध्ये.

आणि यादी. ज्या घरांना आज कुलूप होतं ती नावं त्याच संध्याकाळी पुढच्या यादीत सगळ्यांत वर लिहून आशेला द्यायची, नवी नावं त्याखाली. खाली लिहिली की ती महिनोन् महिने खालीच राहतात.